पाहुणे बसले होते तोवर

दुपारी चार वाजता कडोदऱ्याचे पाहुणे न कळवता दवाखान्यात आले. त्यांच्यातल्या रघुनाथभाऊंनी गेटवरून फोन केला, "वार्ड कोन्ता शे?" मालतीबाईंनी सांगून टाकलं आणि मग खाटेवरच्या नवऱ्याकडे पाहिलं.

हेमराजच्या नाकावर मास्क होता. झोपेत त्याचा श्वास अडकायचा, म्हणून हवा आत ढकलणारं ते मशीन हर्नियाच्या ऑपरेशनला येताना डिंडोलीच्या घरून आणलं होतं. नुकतंच दुखण्याचं इंजेक्शन देऊन गेलेली गुजराती नर्स म्हणाली होती, "मासी, हवे ऊंघ आवशे. मशीन काढता नहीं." आता झोप येईल, मशीन काढू नका.

पण पाहुण्यांना मशीन माहीत नव्हतं. ते आपल्या मुलासाठी मालतीबाईंच्या धनश्रीला बघायला आले, त्या दिवशी मशीन कपाटात साड्यांखाली होतं. मुलगी पसंत पडली होती. सुपारी फुटायची बाकी होती.

"काढ," हेमराज स्वतःच म्हणाला. "पोरनं काम शे. मी जागा ऱ्हासू."

मालतीबाईंनी मास्क काढला, मशीन शालीत गुंडाळून खाटेखाली सरकवलं.

रघुनाथभाऊ आणि त्यांची बायको कुसुमबाई मोसंबी घेऊन आले. हेमराज दोन शब्द बोलला, तिसऱ्याला त्याचे डोळे मिटले. थोड्याच वेळात तो घोरू लागला.

"आहो, पाव्हना बठेल शेतस," मालतीबाईंनी त्याचा खांदा हलवला.

"ऱ्हाऊ द्या वो, झोप लागनी ते जपू द्या तेस्ले," कुसुमबाई हसल्या. "आमना याबी आसाच घोरतस. शेजारना इचारतस, कुसुमताई, घरमा कापडना लूम टाका का?"

"आनि तू घोरस ते?" रघुनाथभाऊ म्हणाले.

सगळे हसले. मालतीबाईही हसल्या; कान मात्र खाटेकडे होते. कुसुमबाई मानपानाचं बोलत होत्या, आणि मालतीबाई 'हो, हो' म्हणत होत्या, कशाला ते त्यांनाही कळत नव्हतं.

मग घोरणं थांबलं.

"दखा, कसा शांत जपनात," कुसुमबाई म्हणाल्या.

हेमराजची छाती वर उचलली जात होती, पण नाकातून काही येत नव्हतं. बोटाच्या चिमट्याला जोडलेल्या पडद्यावरचा ऑक्सिजनचा आकडा नव्वदच्या खाली आला. मालतीबाईंनी त्याला गदागदा हलवलं. तो गचका देऊन एकदा श्वास ओढून पुन्हा थांबला. आकडा आणखी उतरला आणि पडदा पीप पीप वाजू लागला.

मालतीबाई खाली बसल्या. पाहुण्यांच्या पायांमधून त्यांनी शाल ओढली, मशीन बाहेर काढलं, मास्क नवऱ्याच्या नाकावर बसवला, पट्टे मानेमागे आवळले. वायर प्लगापर्यंत पुरेना. रघुनाथभाऊंनी उठून स्टूल बाजूला घेतलं.

मशीन सुरू झालं. हेमराजची छाती सावकाश खाली आली.

"हाई काय शे?" कुसुमबाईंनी विचारलं.

"जपमा तेस्ना श्वास बंद पडस," मालतीबाई म्हणाल्या. "रोज लावनं पडस. तुम्हले सांगं नही."

"पिढीजात शे का?"

"माले नही माहीत. डाक्टरले इचारा."

कुसुमबाईंनी पदर सारखा केला. मोसंबीची पिशवी खाटेच्या कडेला ठेवून दोघं निघाली. 'फोन करतो' असं कोणी म्हणालं नाही.

साडेपाचला धनश्री डबा घेऊन आली. आधी तिने पडद्यावरचा आकडा पाहिला, मग आईला.

"आई, कडोदराना पाव्हना खाले बाकडावर बठेल शेतस."

"काय बोली राहिनात?"

"डाक्टर कवय येस, आसं. माले दखीसन चूप व्हई ग्यात."