वहीतला ‘बरा’

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे आणि मी रागावलो आहे. का, ते ऐका.

बाळ होत नाही म्हणून लोक ज्या दवाखान्यात येतात, तिथे माझी नोकरी. काचेच्या बशीत बाळाची अगदी पहिली सुरुवात वाढत असते. तिला गर्भ म्हणतात. तो मोहरीहून कितीतरी लहान. मी तो मोठा करून दाखवतो. तो जपून ठेवण्याजोगा आहे का, हे माणसे ठरवतात. माझी भिंगे बसवणारा कारागीर म्हणाला होता, “हा खोटं दाखवणार नाही.” बारा वर्षे मी त्याचा शब्द राखला.

एका जोडप्याचा एकच गर्भ उरला होता. आमच्या प्रयोगशाळेतल्या मोठ्या ताईंनी सकाळी तो पाहिला, जोडप्याला फोनवर कळवले आणि वहीत लिहिले, ‘बरा’. मोठ्या ताई कौतुकाला चिक्कू. मुलगी वर्गात पहिली आली तरी म्हणाल्या, “बरं झालं.” त्यांचा ‘बरा’ म्हणजे उत्तमच. लिहून त्या आजारी बहिणीकडे निघून गेल्या.

दुपारी त्यांच्या हाताखालच्या धाकट्या ताई आल्या. गर्भ गोठवून जपायचा की टाकायचा, हे त्यांनी ठरवायचे होते. त्यांच्या घरी ‘बरा’ हा शब्द नावडती भाजी बाजूला सारताना वापरतात. त्यांनी माझ्यातून पाहिले. कडेच्या पेशी जरा विरळ वाटल्या. मग वही पाहिली.

“ताईंनाही फारसा पटलेला दिसत नाही,” त्या म्हणाल्या. गर्भ टाकला गेला.

दुसऱ्या दिवशी त्या जोडप्यातली बाई नवऱ्याबरोबर आली. “फोनवर बरा आहे म्हणालात. मग बरा म्हणजे काय, हो?”

दवाखान्याचे साहेब म्हणाले, “यंत्र जुनं झालंय.” माझ्यावर प्लास्टिकची पिशवी चढली. नाचता येईना, अंगण वाकडे!

मोठ्या ताईंनी परत आल्यावर ती पिशवी काढली.

“अहो, ते बाद केलंय,” साहेब म्हणाले.

“ते नाही साहेब, आपण बाद आहोत.”

मी टिपलेला त्या गर्भाचा फोटो त्यांनी प्रयोगशाळेतल्या पाच जणांपुढे ठेवला, कुणाचा ते न सांगता. “आपापलं लिहा. शेजारच्या कागदात डोकावायचं नाही.” तिघांनी लिहिले ‘ठेवा’, दोघांनी ‘टाका’. ‘ठेवा’ लिहिणाऱ्यांत धाकट्या ताई होत्या.

फोटो कुणाचा ते कळल्यावर त्यांनी तो पुन्हा हातात घेतला. “ताई, हा तर मीच टाकला.”

“आणि ‘बरा’ मी लिहिला होता,” मोठ्या ताई म्हणाल्या.

तेव्हापासून दर शनिवारी वीस फोटो निघतात. प्रत्येक जण एकटा लिहितो, मग उत्तरे जुळवतात, भांडतात. महिन्याने तेच फोटो पिसून पुन्हा. आतला पेशींचा पुंजका कसा, बाहेरचा थर कसा, प्रत्येकाला वेगळा अंक. वहीत ‘बरा’ लिहायला बंदी आहे. परवा विसांपैकी अठरा जुळले.

मित्रांनो, माझी भिंगे रोज मऊ कापडाने पुसतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण दुसऱ्याचे भले ज्याच्या हाती असते, त्याने आपला डोळाही तपासून घ्यावा, आणि आपला शब्दही. वेळेवर घ्यावा. त्या बाईला द्यायला आता आमच्याकडे नीट उत्तर आहे. ती मात्र परत आली नाही.