खालच्या रांगेतली गाजरं

मारलिसला बागेतलं काहीही येत नव्हतं. ती स्वतःच हे सगळ्यांना सांगत सुटायची. हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरींच्या घड्या घालण्यात तिची उमर गेली, मग पाठीने दगा दिला आणि वेळेआधीच घरी बसावं लागलं. नवरा केव्हाच सोडून गेलेला. एकुलती एक मुलगी यॉर्डिस. तिने मूल होऊ द्यायचं ठरवलं तेव्हा मारलिसने लायप्झिगच्या आमच्या बागसंघात, जिथे भाजीपाला लावायला जमिनीचे छोटे तुकडे भाड्याने मिळतात, नाव नोंदवलं. पुष्कळ वाट पाहिल्यावर तिला खालच्या रांगेतला, रेल्वेच्या रुळांकडचा एक तुकडा मिळाला. पायवाटेच्या अलीकडे माझा तुकडा, पलीकडे तिचा, आणि तिला लागून लोथारचा.

"नातवंडाला माझ्या हातचं खायला घालायचंय," कुंपणापाशी उभी राहून ती मला म्हणाली होती. "दुकानातलं नको. त्यावर काय काय मारतात, कुणाला ठाऊक."

त्या वर्षी तिच्या हाती काहीही लागलं नाही. मार्चमध्ये, जमीन गारठलेली असतानाच तिने गाजराचं बी फेकलं आणि वर पाइपने धो धो पाणी सोडलं. बी वाहत जाऊन वाफ्याच्या एका कोपऱ्यात गोळा झालं. जे चार कोंब आले ते गोगलगायींनी खाल्ले. सॅलडच्या पानांची रोपं तिने दुकानातून विकत आणून लावली, ती पण सकाळपर्यंत देठासकट गायब. लोथार हे सगळं कुंपणावरून बघत असायचा. तो जुना ट्रामचालक, सत्तरी ओलांडलेला, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. कुणाला आपणहून शिकवायला जाणं त्याच्या स्वभावात नव्हतं, पण टोमणा मारल्याशिवाय त्याला राहवायचं नाही.

"फ्राऊ लोबेक," तो तिला अदबीने आडनावाने हाक मारून म्हणाला, "गोगलगायींची खानावळ काढलीत का? तसं असेल तर पाटी लावा. माझ्याकडच्याही जेवायला पाठवतो."

दुसरी एखादी बाई चिडली असती. मारलिस खो खो हसली आणि म्हणाली की पाटी लावते, पण आचारी तुम्ही व्हा. तिथून त्यांचं जमलं.

पुढच्या वर्षी तो तिला शिकवू लागला. हातात कुदळ घेऊ द्यायच्या आधी त्याने तिला मातीत हात घालायला लावला. बोटं गार पडली की अजून थांबायचं, पडली नाहीत की पेरायचं. गाजराचं बी वाळूत मिसळून विरळ सोडायचं. त्याच ओळीत मुळ्याचं बी टाकायचं, कारण मुळा लवकर उगवतो आणि ओळ कुठे आहे ते दाखवतो. दोन ओळींच्या मध्ये कांदा लावायचा, म्हणजे गाजराची माशी फिरकत नाही. पाणी झारीने घालायचं आणि तेही सकाळी. स्वयंपाकघरातली सालं, पालापाचोळा, कापलेलं गवत यांचे थर खताच्या पेटीत कसे द्यायचे, ढीग आतून तापला की कसा उलटायचा, कुजका वास आला तर कोरडं काय मिसळायचं, हे सगळं तिने त्याच्याकडून घेतलं. ती एकदा सांगितलेलं विसरायची नाही. चादरींच्या घड्यांसारखंच ते काम ती नेटकं करायची. त्या उन्हाळ्यात मी माझे वाफे सोडून तिचे बघायला जात असे.

तिल्दाचा जन्म त्याच मे महिन्यातला. यॉर्डिस पोरीला घेऊन बागेत यायची, लोथारच्या सफरचंदाच्या झाडाखाली चादर अंथरायची. ऑगस्टमध्ये मारलिसने पहिलं गाजर उपटलं. लांब, सरळ, कुठेही न फाटलेलं. लोथारने ते पाण्याने धुतलं, मधोमध मोडलं, अर्धं तिला दिलं, अर्धं आपण खाल्लं, आणि मग टोपी काढून म्हणाला, "मी लोथार." म्हणजे आता अहो-जाहो नको. तेव्हापासून ती दोघं एकमेकांना अरे-तुरे करू लागली. तिला याचं फार अप्रूप वाटलं होतं.

तिल्दा वरचं खाऊ लागली ती त्या गाजरांवरच. मारलिस गाजरं वाफवून, कुस्करून, बर्फाच्या साच्यात भरून गोठवायची आणि यॉर्डिसच्या घरी नेऊन द्यायची. उरलेली तळघरात ओल्या वाळूत पुरून ठेवली होती, ती हिवाळाभर पुरली. गाजर संपलं की बीट, बीट संपलं की पालक. पुढच्या वसंतात पोर रांगत रांगत वाफ्यात शिरायची आणि मूठ भरून माती तोंडात कोंबायची. यॉर्डिस धावायची, तर लोथार म्हणायचा, "खाऊ दे गं. शहरातली पोरं मातीवाचूनच किडकिडीत होतात." आम्ही सगळे हसायचो. मीसुद्धा.

त्या उन्हाळ्यात रुळांच्या कडेने आवाज अडवणारी भिंत बांधायचं ठरलं. त्यासाठी खोदाई झाली, खोदाईत निघालेली माती तपासायला गेली, आणि मग माणसं येऊन आमच्याही प्रत्येक तुकड्यातली माती पिशव्यांत भरून घेऊन गेली. शरदात आम्हा सगळ्यांना संघाच्या घरात बोलावलं. नगरपालिकेची एक तरुण बाई आली होती. सावकाश, नीट समजावून सांगत होती. आमची खालची रांग जिथे आहे तिथे पूर्वी मोठा खड्डा होता, म्हणाली. युद्धाच्याही आधी जवळपास छापखान्याचे खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, ओतण्याचा एक कारखाना होता, त्याची राख आणि गाळ वर्षानुवर्षं त्या खड्ड्यात पडत होता. कारखाना गेला, खड्डा भरला, वर हातभर चांगली माती पसरली आणि लोकांना बागा वाटून दिल्या. खाली शिसं तसंच राहिलं. खणून खणून ते वर आलं.

पायवाटेच्या वरची रांग ठीक होती. म्हणजे मी वाचले. मधे दोन हातांची पायवाट.

मारलिस मागच्या बाकावर होती. सगळ्यांचे प्रश्न संपल्यावर तिने हात वर केला आणि विचारलं, "गाजरं?"

त्या बाईने हातातलं पेन खाली ठेवलं. "मुळांत जास्त उतरतं," ती म्हणाली. "पाल्यातही. टोमॅटो, सफरचंदात त्या मानाने कमी."

"पण शिजवलेली? वाफवून, साल काढून?"

"शिजवून जात नाही हो."

मारलिसने मान हलवली आणि ती खाली बसली. घरी जाताना ट्रामच्या थांब्यापर्यंत मी तिच्याबरोबर होते. ट्राम आली, दारं उघडली, मिटली, निघून गेली, आणि ती तिथेच उभी.

तिल्दाचं रक्त तपासलं. असायला हवं त्याच्यापेक्षा शिसं बरंच जास्त निघालं. डॉक्टरांनी धीर दिला, पण हातात धरून ठेवता येईल असं काही सांगितलं नाही. आता ते पोटात जाणं थांबलंय, हळूहळू कमी होईल, लोह असलेलं खायला द्या, पुन्हा तपासू. मेंदूवर काही झालंय का, या प्रश्नावर म्हणाले की इतक्या लहान वयात सांगता येत नाही, शाळेत जाईल तेव्हा कळेल, किंवा कळणारही नाही. दीड वर्षाची पोर अजून एकही शब्द बोलत नव्हती. काही मुलं उशिरा बोलतात. यॉर्डिस स्वतः उशिराच बोलली होती, हे मारलिस मला पुन्हा पुन्हा सांगायची.

यॉर्डिसने आकांडतांडव केलं असतं तर बरं झालं असतं, असं मला वाटतं. तिने फ्रीजरमधले गाजराचे गोळे काढले, पिशवीत बांधले आणि कचऱ्यात टाकले. मग आईला फोन न करता समोर जाऊन बसली आणि म्हणाली, "आई, मला तुझा राग आलेला नाही. तुला माहीत नव्हतं. पण तुझ्या हातचं काही तिला भरवायला गेले की माझा हात मधेच थांबतो. मी काय करू?"

मारलिस म्हणाली की काही करू नकोस. हे तिनेच मला सांगितलं, कोरड्या डोळ्यांनी.

लोथारने पहिले काही आठवडे काहीच मान्य केलं नाही. आपण सारं आयुष्य या जमिनीतलं खाल्लं आणि अजून घोड्यासारखे आहोत, असं तो येईल जाईल त्याला ऐकवायचा. मुद्दाम कुंपणापाशी उभा राहून नवलकोल कापून खायचा. मग एक दिवस माझ्याकडे आला आणि शेडच्या पायरीवर बसला. बराच वेळ बूट खरवडत राहिला.

"इर्मगार्डची मूत्रपिंडं गेली होती," तो म्हणाला. इर्मगार्ड म्हणजे त्याची बायको. "तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, कारण सापडत नाही."

मी कॉफी केली. त्याने ती प्यायली नाही.

त्यानंतर तो मारलिसच्या फाटकाशी गेला. मी माझ्या बाजूला पाला गोळा करत होते, त्यामुळे मला ऐकू येत होतं. फाटक उघडून आत जायचं त्याला धाडस होईना. बाहेरूनच म्हणाला, "गाजरं कशी लावायची ते मी शिकवलं होतं. पोरीला माती खाऊ दे, असंही मीच म्हणालो होतो."

मारलिस रिकाम्या वाफ्याच्या कडेला उभी होती. "तू चांगलं शिकवलंस, लोथार," ती म्हणाली. "तेच नडलं. पहिल्या वर्षीसारखं काही उगवलंच नसतं तर आज पोर ठीक असती. मला कुठे काय येत होतं? मी कंटाळून सोडून दिलं असतं आणि दुकानातून आणलं असतं."

तिने हे रागाने म्हटलं नाही. लोथार फाटकावरचा हात काढून वळून गेला. ती दोघं त्यानंतर बोलल्याचं मला आठवत नाही.

वसंतात खोदयंत्रं आली. खालच्या रांगेतली माती कमरेइतकी खोल काढून नेली. खताच्या पेट्याही नेल्या, कारण त्या खतात त्याच जमिनीतला पाला होता. मारलिसचं ते खत आमच्या सगळ्या बागेत उत्तम झालं होतं, काळं, भुसभुशीत, जंगलासारख्या वासाचं. लोथारचं सफरचंदाचं झाड मुळांसकट गेलं. तो रोज येऊन तारेच्या बाहेर बाकावर बसायचा. मग दिसेनासा झाला. मुलाने त्याला माग्डेबुर्गला नेलं, असं कळलं. तिथे तो पहिल्या मजल्यावर राहतो, खिडकीत फुलं लाव म्हटलं तर नको म्हणतो.

खालच्या रांगेतल्या माणसांना दुसरीकडे तुकडे देऊ केले होते. मारलिसने नाही म्हणून कळवलं. मी तिला म्हटलं, माझ्यातला अर्धा घे, इथली माती तपासलेली आहे. खूप मिनतवाऱ्या केल्यावर ती आली. आम्ही वाटाणा लावायला घेतला. तिने सवयीने मातीत बोटं घातली, थंडी बघितली, म्हणाली, "झाली तयार." एक ओळ टोकून झाली. मग उठून पंपाशी गेली आणि हात धुऊ लागली. साबण लावून, नखांत ब्रश घालून, पुन्हा साबण लावून. मी माझी ओळ संपवली तरी ती धूतच होती. हात लाल झाले होते. मग टॉवेलने पुसून माझा निरोप घेऊन गेली. पुन्हा आली नाही. वाटाणे छान आले, तिची ओळ माझ्या ओळीपेक्षा दाट. मी तिला फोन करून सांगितलंही नाही.

या सप्टेंबरात, एका रविवारी, मी तिच्या घरी गेले. यॉर्डिस आणि तिल्दा आलेल्या असतात, हे माहीत होतं, म्हणून प्लमचा केक करून नेला. तिल्दा आता अडीच वर्षांची होत आली आहे. गोरी, गोड पोर. चार-पाच शब्द बोलते. एकदा बोललेला शब्द कधी कधी हरवतो, पुन्हा सापडत नाही. कशामुळे, ते कुणी सांगत नाही. यॉर्डिस तिचं खाणं डब्यात घेऊन येते, चमचासुद्धा घरचा. मारलिसने टेबल मांडलं होतं, चार बशा ठेवल्या होत्या, आणि तिल्दासमोरची बशी रिकामीच राहणार हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं होतं.

मी केक कापला. तिल्दाने लगेच हात पुढे केला आणि म्हणाली, "दे."

यॉर्डिसच्या डोळ्यांत दिसत होतं की तिला पोरीला द्यावंसं वाटतंय. तिने मला एवढंच विचारलं, "प्लम कुठले आहेत?"

"माझ्याच झाडाचे," मी म्हटलं. "वरच्या रांगेतले. तिथे काही निघालं नाहीये."

यॉर्डिसने होकारार्थी मान हलवायला सुरुवात केली होती, मी बघितलं. पण त्याआधी मारलिसचा हात आला आणि केकची थाळी उचलून तिने ती फडताळावर, उंच ठेवली. तिल्दाने रडायला सुरुवात केली. मारलिसने तिला घेतलं नाही. ती खिडकीपाशी जाऊन पाठमोरी उभी राहिली.

"रागावू नकोस," ती मला म्हणाली.

मी म्हटलं, रागावले नाही. यॉर्डिसने डबा उघडला आणि पोरीला त्यातला पास्ता भरवला. आम्ही तिघींनी नुसती कॉफी घेतली. निघताना मारलिसने केक कागदात नीट गुंडाळून, कोपरे दुमडून माझ्या हातात दिला.