नवी कावीळ, जुनी कावीळ

लग्नाला चार महिने झाले आणि मोहिनीच्या डोळ्यांत पिवळं उतरलं.

गोरक्ष भोये अंबडच्या एका कारखान्यात लेथ मशीनवर कामाला होता. पहिली पाळी संपवून तो दुपारी घरी आला, तर ती मोरीपाशी भिंतीला टेकून बसलेली. सकाळपासून पाण्याचा घोटही पोटात ठरत नव्हता. त्याची आई, बयाबाई, हरसूलकडची. तिनं गावाकडून झाडपाल्याची पुडी मागवली, तेल-तिखट बंद केलं, सुनेला गूळपाण्यावर ठेवलं. पाच दिवसांनी मोहिनीला भिंतीला धरूनसुद्धा उभं राहवेना, तेव्हा गोरक्षनं तिला रिक्षात घातलं आणि शरणपूर रोडवरच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. हे २००३ सालातलं, मे महिन्यातलं.

रक्ताचे रिपोर्ट आले. यकृताचा जो आकडा चाळीसच्या आसपास असायला हवा, तो दोन हजारांवर गेला होता. आणि खाली, हिपॅटायटीस बी, पॉझिटिव्ह. ही दूषित पाण्याची कावीळ नव्हे, बाईंनी सांगितलं. ही रक्तातून येते, वापरलेल्या सुईतून येते, नवरा-बायकोत एकाकडून दुसऱ्याला जाते, बाळंतपणात आईकडून मुलाला जाते. एका ताटात जेवल्यानं होत नाही. घरातल्या सगळ्यांनी तपासून घ्या.

घरात होते तिघंच. बयाबाईनं हात पुढे करायला साफ नकार दिला. तिला काहीच झालेलं नव्हतं. गोरक्षलाही काही झालेलं नव्हतं, पण त्यानं रक्त दिलं. त्याचाही रिपोर्ट पॉझिटिव्ह आला.

त्या दिवसापासून घराचं वारंच फिरलं. मोहिनीचं सोळाव्या वर्षी अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं होतं, हे बयाबाईला लग्नाच्या बैठकीतच कळलं होतं आणि तेव्हा त्यात वावगं काही वाटलं नव्हतं. आता तिला तेवढं एकच आठवत होतं. कुठल्या सुया टोचल्या, कुणाचं रक्त चढवलं, कुणाला ठाऊक. तिनं मोहिनीची ताटवाटी वेगळी केली. गोरक्षनं एकदा बाईंचं बोलणं सांगून पाहिलं, पण आईनं कान दिला नाही. एक दिवस सुनेसमोर उभी राहून ती हळू आवाजात म्हणाली, "धडधाकट पोर होतं माझं. चार महिन्यांत काय केलंस त्याचं?"

मोहिनी आपली वेगळी ताटवाटी घेऊन मोरीकडे गेली. संध्याकाळी तिनं गोरक्षला विचारलं, "माझ्यामुळंच झालं असंल का हो?"

गोरक्षला नाही म्हणता आलं असतं, ठाऊक नाही म्हणता आलं असतं. तो बनियन झटकत बाहेरच्या ओट्यावर जाऊन उभा राहिला. खरं सांगायचं तर त्यालाही तेच वाटत होतं.

दुसऱ्या आठवड्यात तिचा भाऊ सहादू तिला न्यायला आला. माहेरी जाण्याआधी तिला बाईंना दाखवायचं होतं, म्हणून तिघेही दवाखान्यात गेले. उलट्या थांबल्या होत्या, आकडा उतरणीला लागला होता. गोरक्षनं चाचरत विचारलं, हे कुणाकडून कुणाला गेलं ते कळेल का? बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे बघत बसलेल्या मोहिनीकडे.

"पॉझिटिव्ह म्हणजे विषाणू आज अंगात आहे, एवढंच," त्या म्हणाल्या. "तो कधी आला, हे त्या तपासणीतून कळत नाही."

कधी आला हे सांगणारी तपासणी वेगळी होती. विषाणू नव्यानं शिरला की त्याच्या गाभ्याविरुद्ध शरीर आधी एक प्रकारची प्रतिपिंडं, म्हणजे त्याच्याशी लढणारी द्रव्यं, करतं, आयजीएम. ती काही महिने भरपूर असतात, मग ओसरतात. ज्याच्या अंगात विषाणू वर्षानुवर्षं मुरलाय, त्याच्या रक्तात बहुधा ती सापडत नाहीत, दुसरी जुनी प्रतिपिंडं सापडतात. दोघांचं रक्त मुंबईला पाठवू, बाई म्हणाल्या, आठ दिवस लागतील. दोघांनी शेजारी बसून बाह्या वर केल्या. तिथूनच सहादू बहिणीला घेऊन हरसूलच्या एसटीत बसला.

ते आठ दिवस गोरक्षला काही सुधरलं नाही. मशिनवर हात चालायचे, पण मन भलतीकडे. कातायला दिलेले तीन जॉब मापाबाहेर गेले, सुपरवायझरनं बाजूला घेऊन तब्येत विचारली. जेवायच्या सुट्टीत तो कॅन्टीनमध्ये न बसता कंपनीच्या कुंपणाला फेऱ्या मारायचा. मनातल्या मनात तो मोहिनीचा रिपोर्ट जुना ठरवायचा आणि तिला माफ करायचा; माफ करतानाचं आपलं बोलणंही त्यानं जुळवून ठेवलं होतं. मग तिचा वाळलेला चेहरा आठवायचा आणि ते सगळं बोलणं खोटं वाटायचं. पाळी संपल्यावर घरी जाववायचं नाही. सायकल काढून तो पाथर्डी फाट्यापर्यंत जायचा आणि काही काम नसताना परत यायचा.

नवव्या दिवशी बाईंनी दोन्ही कागद टेबलावर शेजारी मांडले. मोहिनीचं आयजीएम पॉझिटिव्ह, आणि चांगलंच वर. गोरक्षचं निगेटिव्ह, जुनी प्रतिपिंडं मात्र हजर.

"तिचं नवं आहे, गेल्या काही महिन्यांतलं," बाई म्हणाल्या. "ऑपरेशनचं असतं तर ते एव्हाना तुमच्यासारखं दिसलं असतं. तुमचं जुनं आहे. लहानपणापासूनचंही असू शकेल."

गोरक्षनं दोनदा विचारलं, कागद अदलाबदल झाले नाहीत ना. झाले नव्हते. मग तो म्हणाला की मला तर कधी कावीळच झाली नाही. बाई म्हणाल्या, जन्मताना किंवा अगदी लहानपणी विषाणू शिरला तर पुष्कळदा काहीच दिसत नाही, तो मुकाट्यानं राहून जातो. पण एक गोष्ट त्यांनी प्रामाणिकपणे सांगितली. कधीकधी जुन्या दुखण्यानं उसळी मारली तरी आयजीएम थोडंफार दिसतं. मोहिनीचं तसं वाटत नाही, तरी पक्कं सहा महिन्यांनीच कळेल. नवं असेल तर बहुतेक मोठ्या माणसांच्या रक्तातून विषाणू तोवर निघून जातो. सहा महिन्यांनंतरही राहिला, तर ते जुनंच धरायचं.

त्या एका वाक्याला गोरक्ष धरून बसला. पक्कं नाही ना, मग आत्ताच कशाला सांगायचं? त्यानं कागद डब्याच्या पिशवीत तळाशी ठेवले आणि आईला म्हणाला की रिपोर्ट अजून यायचाय. बारा दिवस ती पिशवी त्याच्यासोबत कंपनीत जात होती, परत येत होती. त्याच दिवसांत बयाबाई हरसूलला बाजार करायला गेली, बहिणीकडे, गोजराबाईकडे उतरली, आणि येऊन तिनं सांगितलं की बहिणीला सगळं सांगितलं, चार बायाही होत्या, त्यांनाही पटलं. पोरीला परत आणायची घाई नको, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं.

गोरक्ष ताटावरून उठला. दुसऱ्या दिवशी त्यानं खाडा केला आणि पहिली एसटी धरली.

मोहिनीचं माहेर हरसूलपासून दोन कोस आत. ती अंगणात नागलीचं पीठ चाळत होती. डोळ्यांतलं पिवळं बरंच उतरलं होतं. सहादू त्याच्यासाठी पाणी घेऊन आला, "दाजी, बसा" म्हणाला आणि आत गेला. गोरक्षनं उभ्यानंच सांगितलं. कागद काढून दाखवले. तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं, म्हणून बोट ठेवून दाखवलं. बाईंची ती शंकाही सांगितली आणि बारा दिवस कागद दडवले तेही सांगितलं.

मोहिनीचे हात चाळणीवर थांबले. तिनं पदरानं कपाळावरचं पीठ पुसलं.

"तुमच्या आईनं बाजाराच्या दिवशी चार बायांत सांगितलं, इथवर कानावर आलं," ती म्हणाली. "तुम्ही मला एकटीला अंगणात सांगताय."

एवढंच बोलून ती पुन्हा चाळायला लागली. गोरक्षनं कागद घडी करून खिशात ठेवले. मग चहा न घेता चालत हरसूलला गेला, मावशीच्या ओट्यावर बसला आणि गोजराबाईला म्हणाला की त्या दिवशी इथं ज्या होत्या त्या सगळ्यांना बोलाव. चौघींपैकी तिघी आल्या. त्यानं मान वर करून सांगितलं, "रोग तिचा नाय. माझा होता, माझ्याकडून तिला गेला. हे डॉक्टरांच्या कागदावर हाय." एका बाईनं विचारलं, आणि तुला कुठून आला?

घरी येऊन त्यानं तेच आईला सांगितलं. बयाबाई चूल सारवत होती. ती सारवतच राहिली, दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी लुगडं बदलून दारात उभी राहिली आणि म्हणाली, चल, काढ माझंबी रक्त. तिचंही पॉझिटिव्ह आलं, आणि जुनं. बाईंनी समजूत घातली की बाळंतपणात मुलाला गेलं असेल, तरी यात तुमचा दोष नाही, त्या काळी हे कुणी तपासतच नव्हतं. बयाबाईनं विचारलं, मला कुणाकडून आलं? बाई म्हणाल्या, ते सांगणारी तपासणी नाही. बयाबाईची आई पोटात पाणी होऊन गेली होती, यकृत बिघडलं की होतं तसं. परतीच्या रिक्षात तिनं ते पहिल्यांदाच मुलाला सांगितलं.

भात कापणी उरकल्यावर मोहिनी सहादूबरोबर दवाखान्यात आली. सहा महिने झाले होते. चार दिवसांनी कळलं, तिच्या रक्तात विषाणू उरला नव्हता, उलट त्याला अडवणारी प्रतिपिंडं तयार झाली होती. आता तिला ही कावीळ पुन्हा व्हायची नाही, असं बाई म्हणाल्या. गोरक्षचा विषाणू होता तिथंच होता. घाबरण्यासारखं नाही, पण दारूला शिवायचं नाही आणि दर सहा महिन्यांनी रक्त द्यायचं, आयुष्यभर.

दवाखान्याच्या पायऱ्यांवर सहादूनं बहिणीकडे पाहिलं. हरसूलची गाडी अर्ध्या तासानं होती. गोरक्ष बाजूला उभा राहून हातातला कागद उगाच उलगडत होता, घडी घालत होता. मोहिनीनं भावाच्या हातातली आपली पिशवी घेतली.

"आता तुझी तारीख कधी?" तिनं गोरक्षला विचारलं. आजवर तिनं त्याला कधी एकेरीत हाक मारली नव्हती.

"जूनमध्ये."

"मी येईन बरोबर," ती म्हणाली, आणि रिक्षा बघायला रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली.