दोन भाषांतलं गाढव

"माझी पुतणी नापास होणार. लाव पैज!"

किल्लीवाल्याने हे भर चौकात, बेकरीसमोर, सकाळच्या गर्दीत ठणकावून सांगितलं. लॉन्ड्रीवाल्याच्या हातातला पाव खाली पडता पडता वाचला.

"अरे, सख्खा काका ना तू?"

"सख्खा आहे म्हणूनच सांगतोय. दोन वर्षं विद्यापीठात इटालियन आणि पोर्तुगीज शिकतेय. लेखीत पहिली. बोलायची वेळ आली की तोंडाला कुलूप! तीन आठवड्यांनी तोंडी परीक्षा. दोन भाषा, दहा-दहा मिनिटं, हातात कागद नाही. पास झाली तर एक वर्ष तिकडे शिकायला पाठवणार. पण ही बसणार ठोंब्यासारखी."

"बोलेल पोरगी!" लॉन्ड्रीवाला पेटला. त्याची इस्त्री तापायला वेळ लागतो, त्याला लागत नाही. "लागली पैज. हरेल त्याने इथेच, रविवारी सकाळी, स्टुलावर उभं राहून ओरडायचं, मी गाढव आहे म्हणून. दोन्ही भाषांत!"

"मी साक्षीदार," बेकरीवाली मावशी आतून म्हणाली. "आणि मी पोरीच्या बाजूने. काका आहे की वैरी!"

पुतणी मागेच उभी होती, खांद्याला पिशवी लावून. तिने काकाकडे एकदा पाहिलं. बोलली काहीच नाही. बोलली असती तर पैज कशाला लागली असती?

त्या संध्याकाळी ती दुकानात आली नाही. रोज गल्ल्याशेजारच्या खुर्चीत बसून ती अभ्यास करायची आणि काका कानस चालवायचा. आता खुर्ची रिकामी. किल्लीवाल्याने जन्मभर लोकांना टोप्या घातल्या होत्या, पण या वेळी त्याची नजर सारखी त्या खुर्चीकडे जात होती.

चौक मात्र कामाला लागला. दुसऱ्याच दिवशी लॉन्ड्रीवाल्याने तिला अडवलं.

"हा शर्ट बघ. काय काय बिघडलंय याचं, ते इटालियनमध्ये सांग."

"तुम्हाला कळणार आहे का?"

"ढेकळं कळणार! म्हणून तर घाबरू नकोस."

बेकरीवाली मावशी त्याच्याही वरचढ. पोर्तुगीजमध्ये मागितल्याशिवाय पाव द्यायची नाही. मागे रांग लागायची, लोक घड्याळ बघायचे, मावशी ढिम्म. आठवड्याभरात पुतणी लॉन्ड्रीवाल्याला सांगायला लागली की पोर्तुगालमध्ये घरांच्या भिंतींना बाहेरून निळ्या फरश्या असतात आणि गल्लीत खिडक्यांबाहेर कपडे वाळत असतात.

"म्हणजे धुणं घरीच? मग माझा धंदा तिकडे बसला!" लॉन्ड्रीवाला म्हणाला.

समोरच्या दुकानातून किल्लीवाला कान टवकारून ऐकायचा. ती मध्येच थांबायची. फार वेळ थांबायची. एक दिवस त्याला राहवलं नाही. रस्ता ओलांडून तो लॉन्ड्रीत घुसला.

"का थांबतेस गं?"

ती भिंतीकडे बघत म्हणाली, "मी मनात अख्खं वाक्य जुळवते. जुळेपर्यंत समोरचा पुढे गेलेला असतो."

काकाने खिशातून कोरी किल्ली काढली. "हरवलेल्या किल्लीची नवी कशी करतो मी?"

इतकी वर्षं बघत आली होती ती. "कोरी किल्ली कुलुपात घालतोस. हलवतोस. बाहेर काढून बघतोस. ओरखडा दिसला की तिथे कानस."

"घरी बसून मनात जुळवतो का?"

"नाही."

"अडली की मी खूश होतो. कुठे घासायचं ते कळतं."

"ए!" लॉन्ड्रीवाला इस्त्री घेऊनच उठला. "तू विरुद्ध पार्टीचा! फोडाफोडी करायला आलास? चल, हो बाहेर!"

किल्लीवाल्याने किल्ली तिच्या हातात कोंबली आणि पळ काढला.

परीक्षा झाली, निकाल लागला. पुतणी धावत चौकात आली ती थेट लॉन्ड्रीत. "चार वेळा अडले! एकदा तर इटालियन वाक्य अर्ध्यात पोर्तुगीज झालं. परीक्षा घेणाऱ्या बाई हसल्या. मीपण हसले आणि परत पहिल्यापासून सुरू केलं. वीस मिनिटं ठरली होती, पस्तीस झाली. पास!"

लॉन्ड्रीवाल्याने असा जल्लोष केला की जणू तोच पास झाला. समोर किल्लीवाला कानस चालवत होता. हातात किल्ली नव्हती, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

रविवारी सकाळी स्टूल मांडलं. अख्खी गल्ली जमली. पुतणीने दोन ओळी कागदावर लिहून आणल्या होत्या, काकाला कसं म्हणायचं ते शिकवायला. पण तो स्टुलावर चढला, छाती फुगवली आणि कागदाकडे न बघता खणखणीत बोलला. आधी इटालियन, मग पोर्तुगीज. हेलसुद्धा तिकडचेच.

लोकांनी शिट्ट्या मारल्या. पुतणीने हातातला कागद खाली केला. हे एका रात्रीत येत नाही, तिला ठाऊक होतं. तीन आठवडे तरी घोकलं असणार. म्हणजे निकालाच्या आधीपासून, पैज लागली तेव्हापासूनच. तिने काकाकडे पाहिलं. काका आकाशात कावळे मोजत होता.

तिने कागदाची घडी करून खिशात टाकली.

"चूक!" ती ओरडली, शेवटच्या दुकानापर्यंत ऐकू जाईल अशी. "साफ चूक! काका, परत! आणि या वेळी जरा मोठ्याने, मागच्यांना गाढव ऐकू येत नाहीये!"

एक अक्षरसुद्धा चुकलं नव्हतं. किल्लीवाल्याने मान खाली घातली, हसू मिशीत दाबलं आणि परत ओरडला.