आधी चहा, मग ऑइल

दोन भाऊ, एक गाडी आणि एक अबोला, या सगळ्यांचा सांभाळ ताईकडे होता. ताई म्हणजे दोघांची थोरली बहीण. वडील गेल्यावर त्यांचं गॅरेज तीच चालवायची. हातात पाना आणि जिभेला धार, त्यामुळे गिऱ्हाईक सहसा वाद घालत नसे.

गाडी टर्बो इंजिनची, भाड्याने फिरणारी. दिवसा थोरला चालवायचा, रात्री धाकटा. गॅरेजच्या दारातल्या खिळ्याला एकाने किल्ली अडकवायची आणि दुसऱ्याने ती उचलायची, एवढाच दोघांचा संबंध उरला होता. भांडणाचं कारण ऐकाल तर कपाळावर हात मारून घ्याल. गाडीच्या मागच्या दाराला एक पोचा पडला होता. "मी नाही पाडला," असं दोघंही म्हणाले आणि दोघांनीही एकमेकांवर विश्वास ठेवला नाही. बाप जाऊन महिना झाला नव्हता तेव्हाची ही गोष्ट. घोडे झालेत एकेक, पण अकलेच्या नावाने शंख!

"त्याला सांग, मागचं टायर बसलंय," थोरला ताईला म्हणायचा. 'तो' तिथेच दोन हातांवर उभा असायचा.

ताई मान वळवून म्हणायची, "टायर बसलंय रे."

"ऐकलं म्हणून सांग त्याला," धाकटा म्हणायचा.

असं चाललं होतं, तोच गाडी ऑइल खायला लागली. पाय जरा जोरात दिला की मागून निळा धूर निघायचा. ताईने आधी कुठे गळतंय का ते पाहिलं. एक थेंब सापडला नाही. मग तिचा संशय इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या टर्बोवर गेला. टर्बोचा दांडा ऑइलवरच फिरतो, त्याची सील गेली की ऑइल सरळ इंजिनात शिरून जळतं. तिने गरम ऑइल भडाभडा पिंपात सोडलं, जुना टर्बो काढला, नवा बसवला, नवीन ऑइल भरलं. थोडे दिवस बरे गेले. मग पुन्हा तोच धूर, पुन्हा तेच रडगाणं. गॅरेजच्या दारात स्वतःच्याच भावांची गाडी धूर ओकत उभी, म्हणजे ताईचं नाकच कापलं गेलं की!

आता उरलं होतं इंजिन खोलणं. थोरला म्हणाला, "बस झालं. विकून टाकू."

"त्याला सांग, मी कधीचाच तयार आहे," धाकटा म्हणाला.

वडील गेल्यापासून दोघांचं एकमत झालं ते या एकाच गोष्टीवर. गिऱ्हाईकही लगेच मिळालं. दुसऱ्या दिवशी दुपारी फोन करून गाडी घ्यायला येतो म्हणाला.

 गाडीचं ताईला काही नव्हतं, अशा शंभर गाड्या तिच्या हाताखालून गेल्या होत्या. पण ही गाडी गेली की थोरला कंपनीच्या बसवर जाणार, धाकटा दुसऱ्या गावी. मग एका अंगणात उभं राहायला दोघांना निमित्तच उरणार नव्हतं. भांडतात, निरोप पाठवतात, पण समोर तरी असतात. तेही संपलं, तर आपण मेल्यावरच हे एकत्र येणार, असं तिला वाटलं, आणि भीती वाटली.

गाडी त्या रात्री गॅरेजातच राहिली. सकाळी ताईने शटर उघडलं, केटलीत चहा केला आणि स्टूल ओढून गाडीसमोर बसली. चहा पिता पिता डाव्या हाताने बॉनेट उघडलं आणि सवयीने ऑइल मोजायची पट्टी ओढली.

"अगंबाई!"

ऑइल वरच्या खुणेच्याही दोन बोटं वर होतं. तिने पट्टी फडक्याने पुसली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. तेवढंच. गाडी ऑइल खात होती हे खरं, पण ते तिला बळंबळं कोंबलं जात होतं म्हणून! खालच्या चेंबरमध्ये जास्त झालेलं ऑइल घुसळलं जातं, त्याचे तुषार इंजिनातली वाफ बाहेर काढणाऱ्या ब्रीदरच्या पाइपातून टर्बोच्या तोंडाशी येतात आणि इंजिनात जाऊन जळतात. ताईने तो पाइप काढून तिरपा धरला, तर आतून ऑइल टपटप गळलं.

मग तिला आठवलं. थोरला रोज संध्याकाळी कुरकुरायचा, "मी ऑइल टाकतो म्हणून चाललीय, त्याने केव्हाच इंजिन जाम केलं असतं." आणि धाकटा सकाळी शब्दन् शब्द तेच म्हणायचा. ताईने दोन्ही ऐकलं होतं, पण एकत्र कधी मांडलं नव्हतं. गाऱ्हाणी वाहून वाहून तिचा पोस्टमन झाला होता. पाकीट पोचवायचं, आत काय आहे ते बघायचं नाही. बरं, टर्बो बदलताना जुनं ऑइल किती निघालं ते तरी मोजायचं! तेही नाही. मेस्त्री म्हणे! तिला स्वतःचीच लाज वाटली.

पण दोघांनाही पट्टीवर ऑइल कमी का दिसावं? गाडीच्या बाबतीत तरी दोघं मूर्ख नव्हते.

ताईने हातातल्या कपाकडे पाहिलं.

वडील असताना गाडी आली की पहिला चहा व्हायचा. गाडी आणणारा भाऊ, गाडी नेणारा भाऊ आणि वडील, तिघं दारातल्या फळीवर बसायचे. कोणी बॉनेटकडे वळलं की वडील ओरडायचे, "आधी चहा, मग ऑइल! दमून आलेल्याला लगेच हिशोब विचारू नये." चालत्या इंजिनात ऑइल वरपर्यंत चढलेलं असतं, ते खाली उतरायला जरा वेळ लागतो. तो वेळ चहात जायचा. अबोला धरल्यावर कोण कशाला चहाला थांबतंय? गाडी बंद केली, लगेच पट्टी ओढली, कमी दिसलं, ओतलं, किल्ली खिळ्याला आणि दुसरा यायच्या आत पोबारा.

ताईने दोघांना फोन केला. दोघं आले आणि अंगणाच्या दोन टोकांना उभे राहिले.

"ऑइल कोण टाकतं?" तिने विचारलं.

"मी," दोघं एकदम म्हणाले, आणि अबोला धरल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी एकमेकांकडे बघितलं.

ताईने जास्तीचं ऑइल त्यांच्यादेखत काढलं. थोरल्याला एक मोठी चक्कर मारून यायला लावलं. तो आला, गाडी थोडी धीम्यावर चालू ठेवून बंद केली, आणि बंद होताच पट्टी ओढली.

"बघ, कमी!" त्याचा हात ऑइलच्या डब्याकडे गेला. धाकट्याचाही गेला.

ताईने दोघांच्याही हातावर फटका मारला. "खबरदार! आधी चहा."

फळीवर दोघं बसले, मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा सोडून. ती वडिलांची जागा होती.  कप रिकामे होत आल्यावर ताईने पट्टी काढून दोघांसमोर धरली. ऑइल बरोबर खुणेवर होतं.



तेवढ्यात थोरल्याचा फोन वाजला. गिऱ्हाईक. थोरल्याने सवयीने ताईकडे पाहिलं. ती पट्टी पुसण्यात दंग होती.

"मी आज निरोप पोचवत नाही," ती मान वर न करता म्हणाली.

फोन वाजतच होता. थोरला धाकट्याकडे वळला.

"काय सांगू रे त्याला?"

धाकट्याने कपातला शेवटचा घोट संपवला.

"सांग, ऑइल खाते."