चिंचेनं उजळलेलं पिस्तूल

"आक्का, ह्याला काय लावता तुमी?" पार्श्वनाथांनी पिस्तूल खिडकीच्या उजेडात धरून विचारलं.

"चिंच," नागुबाई म्हणाली. कौतुक होणार असं तिला वाटलं. "रातभर भिजवलेली. वर थोडी राख. खंडेनवमीला विळी, खुरपं, समया काढते घासायला, त्यातच ह्येबी. बघा की, कसं लखलखतंय!"

पार्श्वनाथांनी पिस्तूल उजेडात पुन्हा एकदा फिरवून पाहिलं. जुनी हत्यारं जमवण्याचा त्यांना छंद होता, परवानाही होता, आणि निपाणीहून ते खास याच्यासाठी बेळगावच्या अनगोळात आले होते. "तुमी जैन माणसं, मुंगी चुकवून चालणारी. पिस्तूल कशाला वो?" असं नागुबाईचे यजमान मारुतीराव यांनी आल्याआल्याच डिवचलं होतं. "बघायला, आप्पा. मारायला न्हाय," असं म्हणून ते हसले होते.

पोलंडच्या सैन्यातलं ते चपटं, तळहाताएवढं पिस्तूल. व्हिएतनामच्या आंतरराष्ट्रीय शांतता आयोगावर दोघं सोबत असताना एका पोलिश अधिकाऱ्यानं ते मारुतीरावांच्या फौजेतल्या साहेबांना दिलं होतं. निवृत्त होताना साहेबांनी ते आपल्या ड्रायव्हरच्या, म्हणजे मारुतीरावांच्या नावावर रीतसर करून दिलं. त्याच्या गोळ्या बेळगावात कधी मिळाल्याच नाहीत. निवडणूक आली की ते ठाण्यात जमा व्हायचं, निकाल लागला की घरी यायचं. एवढाच त्याचा पराक्रम.

आता मारुतीरावांचे हात कापत होते. डॉक्टरांनी दाखला नाकारला, त्यामुळे परवाना संपणार होता. कुणी परवानेवाल्यानं पिस्तूल घेतलं नाही तर ते ठाण्यात कायमचं जमा होणार, आणि अशी हत्यारं शेवटी वितळवतात. साहेबांची वस्तू भट्टीत जाऊ नये, एवढंच त्यांना हवं होतं.

"आप्पा, ह्येचा मूळ रंग काळानिळा," पार्श्वनाथ हळू आवाजात म्हणाले. "लोखंडावर मुद्दाम चढवलेला असतोय. आंबटानं सगळा गेलाय. रंग गेलेलं आमच्या जमवणाऱ्यांत कोण ठेवत न्हाय."

नागुबाईच्या हातातली बशी तशीच राहिली. "म्हंजे मी खराब केलं?"

"तू कशाला? मीच सांगितलंतं," मारुतीराव म्हणाले. "फौजेत हत्यार चकचकीत लागतंय."

फौजेत हत्यार कधी चमकू देत नाहीत, हे पार्श्वनाथांना ठाऊक होतं. त्यांनी चहा संपवला आणि नमस्कार करून ते निघाले.

"खरं सांगा," ते गेल्यावर नागुबाईनं विचारलं, "तुमाला ठावं हुतं?"

"पैल्याच नवमीला कळलं."

"मग बोलला का न्हाईसा?"

"वरीसभर त्या पिस्तुलाच्या पेटीकडं बघायची न्हाईस तू. लई भ्यायचीस. नवमीला तेवढं मांडीवर घेऊन, गाणं म्हणत घासायचीस. बोललो असतो तर परत हात लावला असतास व्हय?"

तिनं किटली उचलली. त्यांच्यासाठी अर्धा कप चहा ओतला आणि त्यांचे ओठ लागेपर्यंत कप स्वतःच धरून ठेवला.

दुसऱ्या दिवशी दोघं पिस्तूल कायमचं जमा करायला ठाण्यात गेले. हवालदारानं पिस्तूल उलटसुलट करून पाहिलं. "होसदेनु, अज्जा?" नवीन आहे का, असं तो कन्नडात विचारत होता.

"जुनंच हाय," मारुतीराव म्हणाले. "आमच्यात जुनं बी घासून ठेवत्यात."

नागुबाईनं पिस्तूल गुंडाळून आणलेलं फडकं मात्र परत मागून घेतलं.

नवमीच्या आदल्या दिवशी ती परसात समया घेऊन बसली. चिंचेचं वाडगं समोर होतं, पण त्यात हात घालायला ती धजत नव्हती. आत भिंतीवर मारुतीरावांचा फौजेतला पट्टा टांगलेला असे. त्याच्या पितळी बकलाला त्यांनी तिला कधी हात लावू दिला नव्हता. शिपायाचं बक्कल शिपायानंच घासायचं, असं म्हणत ते दर रविवारी फडकं घेऊन बसायचे. हात कापायला लागल्यापासून त्यावर हिरवट डाग धरले होते.

खुंटीवरून पट्टा काढायला मारुतीरावांना बराच वेळ लागला. ते बाहेर आले. वाडग्याशेजारी ठेवताना बक्कल त्याच्या कडेवर थरथरत वाजलं.

"ह्येबी घे."

तिनं बक्कल उलटून बघितलं. "चिंच चालंल?"

"पितळ हाय गं. उजळंल."

तिनं चिंचेत बोटं बुडवली. मारुतीराव शेजारच्या पाटावर बसले, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून, ती घासत होती तोवर.