उरलेली टेप

हुलसूरच्या गुंडेरावांना संगीताचा कान आहे, हे जगाला कळावं अशी त्यांची फार इच्छा होती. जगाला म्हणजे निदान बिदर जिल्ह्याला. तुरीच्या व्यापारात नाव झालं, मुलीचं लग्न थाटात लागलं, पण सत्तरी ओलांडली की माणसाचं तेवढ्यावर भागत नाही. म्हणून त्यांनी मला, म्हणजे निवृत्त मराठी शिक्षक मुकुंदराव याला, 'विजयश्री कॅसेट्स'चा इतिहास लिहायला बसवलं. मी मोकळाच होतो, आणि त्यांच्याकडचा चहा चांगला असतो.

विजयश्री ही त्यांची मुलगी. ती जन्मली त्या सुमारास कॅसेटच्या धंद्यात बरकत आहे असं कुणीतरी गुंडेरावांच्या डोक्यात भरवलं आणि त्यांनी तुरीच्या गोदामातच माइक टांगला. श्रावणात भजनं, नाताळाआधी बिदरच्या चर्चमधल्या मंडळींची येशूची गाणी. गायक बदलत, वाजवणारे मात्र तेच, नौबादचे लग्नातले बँडवाले. त्यांच्यातला काशप्पा क्लॅरिनेट वाजवायचा. पुढे विठ्ठल असो की येशू, मागे काशप्पाच. भिंतींना पोत्यांच्या थप्प्या असल्याने आवाज घुमत नसे. तुरीला भाव आला की पोती विकली जात, आणि मग पुढच्या कॅसेटमधले गायक विहिरीत उतरून गायल्यासारखे ऐकू येत. गुंडेरावांच्या कानाला यातला फरक कधी जाणवला नाही, हे मी इतिहासात लिहिलेलं नाही.

गाणी संपली तरी शेवटी थोडी टेप उरायची. गिऱ्हाईक ती घेऊन दुकानात भांडायला यायचं, "अण्णा, कॅसेट पुढं मुकीच हाय की!" त्यावर गुंडेरावांनी नियम काढला. गायक घरी गेले की बँडवाल्यांनी टेप संपेपर्यंत काहीही वाजवत राहायचं. याला ते 'भरती' म्हणत, पोत्यात भरतात तशी. मी या नियमाला 'प्रयोगशील वृत्ती' असं नाव दिलं. गुंडेरावांनी ते वाक्य माझ्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतलं.

अशात गुलबर्ग्याचा प्रणेश आला. जुन्या कॅसेटमधलं संगीत हा तरुण नव्याने तबकडीवर काढतो. त्याने भजनं ऐकली, येशूची गाणी ऐकली, मान डोलावली आणि म्हणाला, "काका, गाणी छानच आहेत. पण मला गाण्यांनंतरचं हवंय, ते शेवटचं. हे जाझ आहे!"

"ते काय असतं?" गुंडेरावांच्या पत्नी राजूबाईंनी विचारलं.

"आधी न ठरवता, वाजवता वाजवता सुचत जातं ते संगीत, काकू."

"मंग ते माझंच," गुंडेराव तात्काळ म्हणाले. "मीच सांगायचो काशप्पाला, हितं वर जा, तितं खाली ये. कान लागतो त्याला!"

तबकडीच्या पाठीवर 'संगीत मार्गदर्शन: गुंडेराव' असं छापायचं ठरलं. गुंडेरावांचा चेहरा असा खुलला की मलाही बरं वाटलं. प्रणेशने एवढंच म्हटलं की वाजवणाऱ्याला एकदा विचारायला हवं. मग नौबादहून काशप्पाला बोलावून घेतलं. दात पडलेले, क्लॅरिनेट कधीच सुटलेली. तो आला आणि गोदामात पोत्याला टेकून बसला.

प्रणेशने त्याच्या मते सगळ्यात उत्तम असलेली भरती लावली. क्लॅरिनेट हळूहळू चढत गेली, एका जागी रेंगाळली आणि थांबली. त्या शांततेत तरुणपणीच्या गुंडेरावांचा खणखणीत आवाज आला, "ए काशप्पा, कामून थांबलास? टेप चालू हाय! काय बी फुंक, कोण ऐकायलंय!"

आणि क्लॅरिनेटने तेच वाक्य वाजवलं. तोच चढ, तोच तोरा, शेवटी तुच्छतेनं ओढलेला तोच हेल. मग तेच उलटं केलं, वर नेलं, खाली आपटलं, रडवलं. मागे बँडवाले खिदळत होते. टेप संपेपर्यंत काशप्पा मालकाला सोडायला तयार नव्हता.

"अगं बाई, हे तर हुबेहूब तुमीच की!" राजूबाईंनी तोंडाला पदर लावला.

"माझा आवाज काढून टाकता येईल का?" गुंडेरावांनी प्रणेशला विचारलं.

"सगळा जीव त्यातच आहे, काका."

गुंडेराव काशप्पाकडे वळले. "माझ्याच गोदामात माझी नक्कल करायलतास?"

"व्हय, अण्णा."

"एकदाच?"

"न्हाई. दर कॅसेटला." काशप्पा अगदी शांत होता. "पयल्यांदा केली तवा लई भ्यालो. अण्णा ऐकतील, हाकलून देतील. तुमी कायच बोलला न्हाईत. मंग पुढच्या कॅसेटला अजून मोठ्यानं केली. तुमी शिव्या द्याल म्हणून वाट बघायलतो."

गुंडेरावांनी तोंड उघडलं. 'मला ठाऊक होतं, मी मुद्दामच चालू दिलं,' असं म्हणायची संधी समोर होती, आणि माझं पेनही तयार होतं. मनातल्या मनात मी म्हणत होतो, म्हणा अण्णा, म्हणून टाका, मी लिहितो. इतकी मला त्यांची दया आली.

"म्या कवाच लावून ऐकली न्हाई रे," ते म्हणाले. "एक बी कॅसेट."

"ठावं हाय, अण्णा."

गुंडेराव पोत्यांचा आधार घेत काशप्पाच्या शेजारी खाली बसले. काशप्पाने सरकून त्यांना जागा दिली आणि प्रणेशला म्हणाला, "परत लावा की, साहेब. आता अण्णा बसल्यात."